कारखान्याच्या दारात येणारी आरोग्य तपासणी सेवा: तीन फेऱ्यांनंतरचे मत

आमच्या कारखान्यात गेली तीन वर्षे एक फिरते वैद्यकीय पथक वर्षातून एकदा येते आणि तीन दिवसांत तिन्ही पाळ्यांतील कामगारांची तपासणी करून जाते. सुरक्षा विभाग माझ्याकडे असल्यामुळे पथकाला जागा, वीज, कामगारांच्या याद्या आणि वेळापत्रक पुरवणे हे माझे काम. शिवाय मला स्वतःला सहा वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू असल्याने त्यांच्या खुर्चीवर बाही वर करून मीही बसतो. सेवा देणाऱ्या संस्थेचे नाव मुद्दाम घेत नाही, कारण ज्या उणिवा पुढे लिहिल्या आहेत त्या एकट्या तिच्याच नाहीत, हे इतर कारखान्यांतील सहकाऱ्यांशी बोलताना वारंवार जाणवले आहे.

सेवेत काय मिळते ते थोडक्यात सांगतो. उंची, वजन, रक्तदाब, रक्तातील साखर आणि एचबीए१सी (मधुमेह किती आटोक्यात आहे हे सांगणारी रक्तचाचणी), कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन, लघवी, ईसीजी, दृष्टी, श्रवण आणि फुफ्फुसांची क्षमता एवढ्या तपासण्या होतात. शेवटी डॉक्टरांची पाच-सात मिनिटांची भेट असते आणि दहा-बारा दिवसांनी प्रत्येकाच्या नावापुढे ‘फिट’, ‘अटींसह फिट’ किंवा ‘तात्पुरता अनफिट’ असा शेरा येतो. यंत्रसामग्री चांगली आहे, तीन वर्षांत नमुन्यांची अदलाबदल एकदाही झालेली नाही आणि कर्मचारी कामगारांशी नीट बोलतात. ही शेवटची गोष्ट वाटते तितकी सर्रास आढळत नाही.

मी मात्र या सेवेला एकाच कसोटीवर तोलतो. अहवाल हातात पडल्यावर कोणत्या माणसाच्या कामात काय बदलायला हवे हे मला कळते का? दीर्घकाळचा आजार असलेले अनेक जण वर्षानुवर्षे उत्तम काम करतात, आणि जोखमीच्या कामावरची धडधाकट माणसेही सुखरूप घरी जातात. आजार आणि काम यांची गाठ जिथे पडते तिथे काय घडू शकते, हे मला हवे असते. पहिल्या वर्षीच्या अहवालात नेमके तेच नव्हते. ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात साडेतीनशे नावांपुढे एकच शब्द छापलेला होता: ‘सर्वसाधारण’.

त्या अहवालातील दोन ओळी मला अजून आठवतात. भांडारातील एका कारकुनाचे एचबीए१सी ९.२, लाल अक्षरांत, ‘अटींसह फिट’. देखभाल विभागातील एका फिटरचे ६.४, हिरव्या अक्षरांत, ‘फिट’. फिटर इन्सुलिन घेतो. अहवाल आल्यानंतर दीड महिन्याने, क्रेनच्या गर्डरवर नऊ मीटर उंचीवर काम करताना त्याला दरदरून घाम फुटला, हात कापू लागले आणि हातातला पाना कोणत्या नटाला लावायचा हेच त्याला उमजेना. सोबतचा हेल्पर शहाणा होता. त्याने आधी बेल्टचा हूक नीट अडकलेला आहे ना हे पाहिले, मग त्याच्या तोंडात ग्लुकोजची पूड घातली, पंधरा मिनिटे तिथेच बसवून ठेवले आणि नंतरच त्याला शिडीवरून खाली आणले. खाली मोजल्यावर साखर ७४ भरली, म्हणजे वर असताना ती ७० च्या, म्हणजे धोक्याच्या रेषेच्या, बरीच खाली गेली असणार.

एचबीए१सी हा साधारण दोन-तीन महिन्यांतील साखरेचा सरासरी अंदाज असतो, आणि सरासरीत चढ-उतार एकमेकांना झाकतात. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेणाऱ्या माणसाचा आकडा छान दिसत असेल, तर त्यामागे साखर अधूनमधून फार खाली जात असण्याचीही शक्यता असते, आणि आजार जुना झाला की घाम-थरथर या पूर्वसूचनाही अनेकांच्या बाबतीत बोथट होतात. कारकुनाचे ९.२ त्याच्या डोळ्यांना, मूत्रपिंडांना आणि पायांना पुढच्या काही वर्षांत महागात पडेल, आणि त्याला उपचारांची गरज आहे हे निर्विवाद आहे. फिटरचे ६.४ मात्र त्याला त्याच पाळीत उंचीवरून खाली पाडू शकले असते. अहवालातील रंग आजाराच्या दृष्टीने बरोबर होते आणि कामाच्या दृष्टीने उलटे होते. इन्सुलिन घेता का, गेल्या तीन महिन्यांत साखर खाली गेली का आणि जाताना तुम्हाला कळते का, हे तीन प्रश्न विचारायला एक मिनिट पुरले असते.

रक्तदाबाबाबतची तक्रार अधिक साधी आहे. पहिल्या वर्षी माणूस मशीन बंद करून, दोन जिने चढून, घाईघाईत रांगेत उभा राहायचा आणि पाळी आली की खुर्चीवर बसताक्षणी शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा आवळला जायचा, वर परिचारिका त्याला नाव आणि तिकीट क्रमांक विचारत असायची. १४०/९० च्या वर गेलेल्यांची यादी त्यामुळे इतकी लांबली की ती कोणी गंभीरपणे घेतलीच नाही. निदान पाच मिनिटे शांत बसणे, पाय जमिनीवर टेकलेले, हात हृदयाच्या पातळीवर आधारावर, उघड्या दंडावर योग्य मापाचा पट्टा आणि मोजताना गप्पा नाहीत, हे नियम काही नवे नाहीत. आम्ही लेखी कळवल्यावर दुसऱ्या वर्षी त्यांनी बारा खुर्च्यांची वेगळी खोली मागितली आणि दोनदा मोजण्याची पद्धत सुरू केली. यादी बरीच आखडली आणि त्यामुळेच तिला वजन आले. चूक दाखवल्यावर वाद न घालता सुधारणा करणारे पुरवठादार थोडे असतात, हे त्यांच्या खात्यावर जमा.

उपाशीपोटी साखरेच्या चाचणीचा प्रकार मात्र अक्षम्य होता. रात्रपाळी संपवून येणाऱ्या कामगारांना ‘मध्यरात्रीनंतर काही खाऊ नका’ अशी चिठ्ठी दिली गेली होती. दिवसपाळीच्या माणसासाठी ही झोपेची वेळ असते, रात्रपाळीच्या माणसासाठी ती ऐन कामाची वेळ असते. मधुमेहाची गोळी घेऊन, आठ तास उभ्याने काम करून, पोटात काही नसताना रांगेत ताटकळलेला एक प्रेस ऑपरेटर सकाळी भिंतीला टेकून खाली बसला. एचबीए१सीसाठी उपाशी राहण्याची गरज नसते आणि ती तपासणी तर पॅकेजमध्ये होतीच. फार तीव्र रक्तक्षय किंवा रक्ताचे काही आजार असतील तर तो आकडा फसवू शकतो, हे खरे. पण तेवढ्या मोजक्या लोकांसाठी वेगळी वेळ ठरवता येते. आजारी माणसासाठी केलेली तपासणीच त्याच्या धोक्याचे कारण ठरावी, हे मला त्या दिवशी फार लागले. चिठ्ठी माझ्याच कार्यालयातून वाटली गेली होती, हेही इथे नोंदवले पाहिजे.

श्रवण तपासणीची खोली पहिल्या दोन्ही वर्षी कंप्रेसरच्या बाजूला होती. कान तपासण्यापूर्वी माणूस साधारण चौदा तास गोंगाटापासून दूर असावा, नाहीतर तात्पुरता बधिरपणा कायमचा म्हणून नोंदला जातो. पाळी संपताच थेट मशीनवरून आणलेल्या माणसाचा आलेख काय सांगणार? जागा देणारे आम्ही, पण जागा पाहून नकार देण्याचा अधिकार त्यांना होता आणि तो त्यांनी वापरला नाही.

फुफ्फुसांच्या तपासणीबद्दल मात्र कौतुक करावे तेवढे थोडे. ती करणारा तंत्रज्ञ तरुण आहे, खणखणीत आवाजाचा आहे आणि ‘फुंका, फुंका, अजून, सोडू नका’ असे ओरडत प्रत्येकाकडून तीन नीट फुंकी घेतल्याशिवाय उठू देत नाही. अर्धवट फुंकीवरून निरोगी माणूस फुफ्फुसांचा रुग्ण ठरू शकतो, हे तो जाणतो. तरीही एका तपासणीची मर्यादा आहेच. रंगकाम विभागात आयसोसायनेट (दमा उठवू शकणारे रसायन) असलेले दोन भागांचे रंग फवारले जातात, आणि लहानपणी दमा असलेला एक कामगार तिथे होता. त्याची तपासणी सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी झाली आणि ती स्वच्छ निघाली. कामामुळे वाढणारा दमा आठवडा सरत आला की जोर करतो आणि सुट्टीत ओसरतो, म्हणून सुट्टीनंतरचा आकडा त्याला पकडत नाही. दुसऱ्या वर्षीच्या डॉक्टरांनी त्याला हातात धरून फुंकायचे, श्वासाचा जोर मोजणारे साधे पीक फ्लो मीटर दिले, दिवसातून चार वेळा अशा नोंदी तीन आठवडे घेतल्या, आणि कामाचे दिवस व सुट्टीचे दिवस यांतील फरक कागदावर उघडा पडला. तो आज असेंब्लीत आहे, त्याच पगारावर.

या डॉक्टरांविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण तीन वर्षांत या सेवेतून आम्हाला जे मिळाले त्याचा निम्मा वाटा त्यांच्या एका दुपारचा आहे. तपासणी सुरू करण्याआधी त्यांनी मला शॉप फ्लोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम चालते ती जागा, दाखवायला सांगितले. भट्टीसमोर ते दहा मिनिटे नुसते उभे राहिले, क्रेनच्या केबिनमध्ये स्वतः चढले, फोर्कलिफ्ट मागे घेताना चालकाला मान किती वळवावी लागते ते पाहिले आणि प्रत्येक ठिकाणी वहीत काहीतरी टिपले. दुसऱ्या दिवशी त्यांचे प्रश्न बदललेले होते. पहिल्या वर्षीच्या फॉर्मवर ‘औषधे चालू आहेत का: होय / नाही’ एवढाच प्रश्न होता. यांनी प्रत्येकाला गोळ्यांची पाकिटेच आणायला सांगितली.

पाकिटांतून जे निघाले ते रक्ताच्या अहवालात कुठेच नव्हते. भट्टीवरचे तिघे रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत होते. उष्णतेत आधीच घामावाटे पाणी आणि क्षार जातात, त्यात ही गोळी भर घालते. रक्तदाबाच्याच बीटा ब्लॉकर गटातील गोळ्या हृदयाचे ठोके वाढू देत नाहीत, म्हणून तापलेले शरीर त्वचेकडे पुरेसे रक्त पाठवण्यात कमी पडते. औषध बंद करणे हा त्यावरचा उपाय नाहीच. डॉक्टरांनी त्यांच्या नेहमीच्या वैद्यांना चिठ्ठी लिहून औषध बदलता येते का हे विचारले आणि आम्हाला त्या तिघांच्या विश्रांतीचे टप्पे जवळ आणायला सांगितले. क्रेनवाल्याची गोष्ट वेगळी होती. त्याला प्रोस्टेटसाठी नुकतीच एक गोळी सुरू झाली होती, जिच्यामुळे बसल्या जागेवरून उठताना रक्तदाब एकदम उतरू शकतो. केबिनमधून उठून शिडीवर पाय ठेवताना डोळ्यांपुढे अंधारी येते, हे त्याने दोन महिने कोणालाही सांगितले नव्हते. त्याला बसवून आणि मग उभे करून रक्तदाब मोजला, तेव्हा वरचा आकडा १३४ वरून १०८ वर आला. एरवी फक्त बसूनच मोजत असल्याने तो ‘फिट’ ठरला असता. गोळी रात्री झोपताना घेण्यास त्याच्या डॉक्टरांनी संमती दिली, आणि चक्कर पूर्ण थांबेपर्यंत त्याला खालून रिमोटवर चालणारी क्रेन दिली.

हृदयविकाराबाबतही त्यांनी असाच एक धागा जोडून दिला. भट्टीच्या परिसरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० हून अधिक पट घट्ट चिकटतो. निरोगी माणसाला ज्या पातळीवर फारसे काही जाणवणार नाही, त्या पातळीवर हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या माणसाच्या छातीत लवकर दुखू लागते. पडून काढलेला ईसीजी अशा माणसाचाही व्यवस्थित येऊ शकतो, म्हणून ‘ईसीजी नॉर्मल’ या दोन शब्दांवर विसंबून त्याला भट्टीवर पाठवू नये, एवढे त्यांनी बजावले.

सेवेत ज्या गोष्टी अजिबात नाहीत त्यांपैकी तीन मला खटकतात. पहिली म्हणजे पायांची तपासणी. मधुमेहात पायांची संवेदना हळूहळू जाते, आणि सेफ्टी शूजच्या पोलादी टोपीखाली घासून झालेली जखम किंवा बुटात पडलेला ठिणगीचा कण माणसाला कळतच नाही. दहा ग्रॅमच्या नायलॉनच्या तंतूने तळव्याला स्पर्श करून पाहण्याची चाचणी दोन मिनिटांची आहे आणि ती तीन वर्षांत एकदाही झाली नाही. आमच्याकडे एका वेल्डरने संध्याकाळी मोजा काढला तेव्हा त्याला रक्त दिसले. सकाळपासून बुटात एक स्क्रू होता. दुसरी गोष्ट झोपेची. घोरणारा, दिवसा पेंगणारा, झोपेत श्वास अडकणारा माणूस फोर्कलिफ्टवर असेल तर त्याचे कोलेस्टेरॉल मोजून मी काय करू? दिवसा किती पेंग येते हे जोखणाऱ्या एपवर्थ प्रश्नावलीत आठ प्रश्न असतात, २४ पैकी १० च्या वर गुण गेले की पुढे चौकशी करायची. कागदाचे एक पान पुरते.

तिसरी उणीव सर्वांत मोठी आहे. ही सेवा वर्षातून एकदा येते, पण आजार आणि काम यांची गाठ सर्वांत अवघड होते ती माणूस लांबच्या आजारपणानंतर परत रुजू होतो तेव्हा. तीन आठवडे रुग्णालयात आणि घरी काढलेल्या भट्टीवाल्याच्या शरीराची उष्णतेची सवय मोडलेली असते, आणि ती पुन्हा यायला एक ते दोन आठवडे लागतात. औषधे बदललेली असतात, ताकद उतरलेली असते आणि बुडालेला पगार भरून काढण्यासाठी तो पहिल्याच आठवड्यात ओव्हरटाइम मागतो. त्या सकाळी त्याला तपासणारे कोणीच नसते. रुजू होतानाची तपासणी करारात घालावी अशी मागणी आम्ही दोनदा केली, पण पथक फिरते असल्याचे कारण सांगून ती दोन्ही वेळा बाजूला ठेवली गेली.

आता गोपनीयता. पहिल्या वर्षी संपूर्ण अहवाल, म्हणजे कोणाला मधुमेह, कोणाला फेफरे, कोणाची मूत्रपिंडे दुखावलेली, सगळे एका तक्त्यात माझ्याकडे आले आणि मी तो तक्ता उघडण्यापूर्वीच त्याची प्रत विभागप्रमुखांना गेलेली होती. आठवड्याभरात दोघांची ओव्हरटाइमच्या यादीतून नावे गळाली. दुसऱ्या वर्षी काय झाले असेल हे ओळखणे अवघड नाही. डॉक्टरांनी पाकिटे मागितली तेव्हा पहिल्या दिवशी जेमतेम चाळीस जणांनी ती आणली. फेफऱ्यांची गोळी घेणारा एक जण तर दीड वर्ष ‘काही आजार नाही’ असे लिहून देत होता आणि शिडीवर चढत होता. लपवलेल्या आजाराइतका मोठा धोका शॉप फ्लोअरवर दुसरा नाही, आणि त्याला लपवायला आम्हीच शिकवले होते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८५ च्या १६१ क्रमांकाच्या करारात कामगारांच्या आरोग्यावरील देखरेखीसाठी त्यांचा पगार कापू नये, त्यांच्याकडून पैसे घेऊ नयेत आणि शक्यतो ती कामाच्या वेळेतच व्हावी असे म्हटले आहे. काम कामगाराच्या प्रकृतीला जुळवून घेणे हेही त्यात आरोग्य सेवेचे एक कर्तव्य मानले आहे. माणसाला काढून टाकण्यासाठी यादी बनवणे हा त्या मजकुराचा अर्थ कोणत्याही वाचनातून निघत नाही.

दुसऱ्या फेरीपासून वैद्यकीय तपशील डॉक्टर आणि कामगार यांच्यातच राहतो आणि माझ्याकडे फक्त कामाची अट येते: ‘सहा महिने उंचीवर काम नको’, ‘दर तासाला दहा मिनिटे सावलीत’, ‘एकट्याने रात्रपाळी नको’. मला एवढेच हवे असते. कोणाला कोणता आजार आहे हे आता मला कळत नाही आणि त्यामुळे माझे काम अडलेले नाही. तिसऱ्या वर्षी पाकिटे आणणाऱ्यांची संख्या दोनशेच्या पुढे गेली.

अहवालाच्या शेवटी रंगीत आलेख असतात, त्यांकडे जपून पाहावे असे सुचवतो. आमच्या कामगारांचे आरोग्य वर्षागणिक सुधारत असल्याचे ते आलेख दाखवतात. ज्यांना झेपले नाही ते काम सोडून गेले, जे त्या तीन दिवसांत आजारपणाच्या रजेवर होते ते मोजले गेले नाहीत, आणि कंत्राटी कामगार, ज्यांच्या वाट्याला ग्राइंडिंग आणि भट्टी साफ करण्याचे काम येते, ते यादीतच नाहीत. उरलेल्यांची सरासरी चांगलीच येणार. कंत्राटदारांच्या माणसांचा खर्च आम्ही यंदा मंजूर करून घेतला आहे. हा दोष पथकाचा नव्हता.

गुण द्यायचेच तर तपासण्यांच्या दर्जाला पाचपैकी चार, कामाशी सांगड घालण्याला दोन, आणि गोपनीयतेला पहिल्या वर्षी शून्य व आता साडेतीन. केवळ कागद पूर्ण करून हवे असणाऱ्यांना ही सेवा आहे तशी पुरेल. इतरांनी करार करताना तपासणारे डॉक्टर आधी शॉप फ्लोअर पाहतील अशी अट घालावी आणि ती पाळली जाते का हे स्वतः उभे राहून पाहावे, कारण तिसऱ्या वर्षी वेगळे डॉक्टर आले, ते खोलीबाहेर पडले नाहीत आणि ‘सर्वसाधारण’ हा शब्द साठ-सत्तर नावांपुढे परत उमटला.

चौथ्या वर्षासाठी आम्ही याच संस्थेच्या लोकांना बोलावले आहे. दुसऱ्या वर्षीचेच डॉक्टर येतील आणि अर्धा दिवस फिरतील हे त्यांनी लेखी मान्य केले, मात्र प्रत्येक विभागातील आवाज, उष्णता आणि हवेतील रसायने यांची मोजमापे आधी पाठवा, अशी त्यांची अट आहे. अट रास्त आहे. भट्टी आणि प्रेस विभागाचे आकडे पाठवून झाले, रंगकामाचे अजून माझ्याकडेच अडकले आहेत.